आडोळा

शाळेत त्यांना टकबाई म्हणत. तोंडावर अर्थातच कुणी म्हणत नसे, पण नाव इतकं रुळलं होतं की एकदा शिपायाने मुख्याध्यापकांसमोर "टकबाईंची सही तेवढी राहिलीय" असं म्हटलं आणि मग जीभ चावली. कुठल्या बाई, असं मुख्याध्यापकांनीही विचारलं नाही.

नाव पडलं होतं लाकडी पट्टीवरून. सव्वीस वर्षांत बाईंनी एकाही मुलाच्या अंगाला हात लावला नव्हता आणि याचा त्यांना अभिमान होता. पट्टी मुलांसाठी नव्हतीच, टेबलासाठी होती. मूल बोलायला उभं राहिलं आणि बोलण्यात घरचा एखादा शब्द आला, की बाई पट्टी टेबलावर आपटत. टक. रागवायचं नाही, आवाज चढवायचा नाही. मुलाने तिथेच थांबायचं, चुकलेला शब्द शोधायचा, शुद्ध करून म्हणायचा आणि पुढे जायचं. सापडला नाही तर आणखी एक टक. काही मुलं एका वाक्यात तीन टक खात आणि काय सांगायला उठलो होतो तेच विसरून खाली बसत. पुढे बाईंनी एक सुधारणा केली. शेजाऱ्याची चूक ज्याला आधी ऐकू येईल त्याने पेन्सिलीने बाकावर टक करायचं. मुलांना हा खेळ फार आवडला. दुसऱ्याला पाडायचा खेळ कोणाला आवडत नाही?

याला छळ म्हणावं तर बाईंचा हेतू वाईट नव्हता, आणि खरी अडचण तीच होती. वाईट हेतूच्या माणसाला निदान कधीतरी लाज वाटते. बाईंना वाटे, आपण या पोरांना बुडताना वर काढतोय. त्या स्वतः तशाच वर आल्या होत्या. डोंगरातल्या दगडखाणीच्या वस्तीवर त्या जन्मल्या. आई खडी फोडायची, बाप सुरुंगाच्या भोकात दारू भरायचा आणि एका दिवशी त्यातच गेला. आठव्या वर्षी मावशीने उचलून त्यांना मुलींच्या वसतिगृहात घातलं. तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी प्यायला पाणी मागितलं, ते ज्या शब्दांत मागितलं ते शब्द तिथल्या बाईंनी सगळ्या मुलींसमोर त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. मुली हसून दमल्या तेव्हा कुठे पाणी मिळालं. त्या दिवशी त्या पोरीने मनाशी ठरवलं ते ठरवलं. चार वर्षांत ती अशी बोलायला लागली, जणू पाठ्यपुस्तकातच जन्मली होती. वस्तीवरची बोली तिने जुनी चिंधी फेकावी तशी फेकली, आणि मागे वळून बघितलं नाही.

खाण वाढत वाढत वस्तीवर आली तेव्हा तिथली माणसं जिकडे वाट फुटेल तिकडे गेली. बाईंनी आईला आपल्या घरी आणलं. या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. बाईंचे यजमान टपाल कचेरीत होते, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात जागा होती. आई आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारची मंडळी बघायला आली आणि आई त्यांच्याशी भरभरून बोलली. ती माणसं गेल्यावर बाई तिला अगदी प्रेमाने म्हणाल्या, "आई, कुणी आलं की जरा बेतानं बोलत जा."

आईने ते इतकं मनावर घेतलं की तिचं सगळं बोलणं चार शब्दांवर आलं. हो, नाही, बरं, बसा. शेजाऱ्यांना वाटलं म्हातारीला ऐकू येत नाही. ते तिच्या कानाशी येऊन ओरडत आणि तीही बिचारी तितक्याच मोठ्याने "बरं" म्हणे. एकदा हे बघून बाईंना हसू फुटलं होतं. नंतर ते हसू त्यांना फार महागात पडलं.

तर, या वर्षी चौथीच्या वर्गात एक नवी मुलगी आली. आईबाप रस्त्याच्या कामावर, आज इथे तर उद्या तिथे. पोरीची आजी दोन दिवसांच्या वाटेवर कुठल्याशा मुक्कामाला. म्हणून मुलीला शाळेच्या वसतिगृहात ठेवलेलं. पहिल्या दिवशी दारात उभी राहून तिने विचारलं, "बाई, मी हितं बसू?" वर्ग खो खो हसला आणि मधल्या सुट्टीच्या आत तिचं नाव हितली पडलं.

बाई हसल्या नाहीत. "हितं" काय, पुष्कळ पोरं म्हणतात. पण या मुलीने वाक्याचं शेपूट जसं लांबवलं, तसं लांबवणारी माणसं जगात एकाच डोंगरावर होती. अशा वेळी माणसाला माया यायला हवी. बाईंना भीती आली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. ही पोर आपल्या बोलण्यातून आपलं मूळ हुंगून काढील आणि भर वर्गात सांगून टाकील, असं त्यांना वाटे. मग हितलीच्या वाट्याला सगळ्यांत जास्त टक आले.

सुरुवातीला ती फार बडबडी होती. घरचं, कामावरचं, आजीचं, काय काय सांगायला उठायची. दोन शब्द गेले की टक, आणखी दोन गेले की टक. हळूहळू ती उठेनाशी झाली. मग उठली ती थेट शुद्ध बोलत. एकेक वाक्य मोजून मापून, कुठे बोट ठेवायला जागा नाही. पेन्सिलीच्या खेळात तर तिच्याइतका तिखट कान वर्गात कोणाचाच नव्हता. बाईंनी पट्टी उचलायच्या आत तिची पेन्सिल वाजलेली असे. तपासणीला साहेब आले तेव्हा बाईंनी तिलाच पुढे केलं. साहेबांनी शेऱ्यात "उल्लेखनीय प्रगती" असं लिहिलं. पोरगी आता काही सांगत नाही, हे साहेबांच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. बाईंच्या यायला हवं होतं.

वार्षिक परीक्षेला महिना उरला असताना बाईंच्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. आठ दिवस दवाखान्यात ठेवून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आता सेवा करा, म्हणाले. या वाक्याचा अर्थ बाईंना कळला.

घरी आणल्यावर आई बोलायला लागली, आणि घरात सगळ्यांना धक्का बसला. ते चार शब्द पार पुसून गेले होते. "हो" गेलं होतं, "बरं" गेलं होतं. अकरा वर्षं दाबून ठेवलेली ती डोंगरावरची बोली तेवढी वर आली होती, जड जिभेने, अडखळत. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, मागाहून उचललेलं आधी जातं. यजमानांना त्यातलं काहीच कळत नसे. बाईंना तुकडे कळत. तहान कळे, दुखतं ते कळे. आठव्या वर्षी फेकलेली चिंधी त्या आता अंगणभर शोधत होत्या.

आणि एक शब्द कळेना. आई दिवसातून पन्नास वेळा तोच म्हणायची. "आडोळा दे गं." धड असलेला डावा हात बाईंकडे करायची, मग मागे पाठीशी न्यायचा प्रयत्न करायची, तो हात अर्ध्यातच पडायचा.

बाईंनी शब्द ऐकला आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने जागच्या जागी दुरुस्त करून टाकला. आडोळा म्हणजे आडोसा. आईला अंग पुसताना लाज वाटत असणार, जावई घरात असतो, दार उघडं असतं. झालं, यजमानांनी खिळे ठोकले, तार ताणली आणि पलंगाच्या तिन्ही बाजूंनी चादरी लावल्या. आई चादरींकडे बघत राहिली. मग पुन्हा म्हणाली, "आडोळा दे गं."

"दिला ना आई आडोसा," बाई म्हणाल्या, आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा, की पुढे म्हणाल्या, "आडोसा म्हण. आ-डो-सा."

आईने मिटत होता तो एक डोळा मिटून घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने एक चादर डाव्या हाताने ओढून काढली. बाईंना वाटलं पातळ आहे, आरपार दिसतं, म्हणून ती खुणावतेय. त्यांनी जाड पडदे आणून लावले. आत इतका काळोख झाला की भर दुपारी दिवा लावावा लागे. तिसऱ्या दिवसापासून आईने चमचा तोंडाशी नेला की तोंड फिरवायला सुरुवात केली. पाणी ओठांवरून ओघळून उशीत जाई. त्या पडद्याआड आई लहान मुलासारखी रडायची, एका डोळ्याने, कारण दुसरा आता मिटतही नव्हता नि भरतही नव्हता. बाईंनी उशी बदलली, कूस बदलली, खिडकी उघडली, खिडकी लावली. घरातलं सगळं उचलून उचलून तिला दाखवलं. हे का? हे हवं का? आई बघायची आणि तोच शब्द म्हणायची, आता आणखी पुसट. यजमानांनी शब्दकोश काढला. त्यात आडोसा होता, आडोळा नव्हता. बाईंनी हात टेकले. पलंगाची कड धरून त्या पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. आपली आई आपल्यासमोर एक गोष्ट मागत मागत मरतेय आणि आपल्याला तिची भाषा येत नाही, याहून मोठी नामुष्की त्यांना सुचेना.

मग त्यांना हितली आठवली.

चौथ्या दिवशी, रजेवर असूनही, त्या मधल्या सुट्टीत शाळेत गेल्या. हितलीला शिक्षकांच्या खोलीत बोलावून घेतलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मुलगी टेबलासमोर ताठ उभी राहिली. बाईंनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं, ती बसली नाही. त्या म्हणाल्या की माझी आईपण तुमच्याकडचीच आहे. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं, आणि जिला सांगायची भीती तिलाच सांगितलं होतं. मग त्यांनी विचारलं, "बाळा, आडोळा म्हणजे काय गं?"

हितलीच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. तिचे ओठ हलले. तेवढ्यात तिची नजर टेबलावर गेली. पट्टी तिथेच पडली होती. बाईंनी तिची नजर बघितली, पट्टी उचलून खणात टाकली आणि खण लावला. त्याचा आवाज मात्र व्हायचा तो झालाच.

"आडोसा, बाई," हितली म्हणाली. "बरोबर शब्द आडोसा आहे."

बाईंनी तिला जवळ घेतलं. तसं नाही गं, तुझ्या घरी काय म्हणतात ते सांग, तुझी आजी काय म्हणते ते सांग. मुलगी लाकडासारखी झाली. बाई परीक्षा घेताहेत, एवढंच तिला समजत होतं, आणि या परीक्षेचं उत्तर तिने वर्षभर टक खाऊन पाठ केलं होतं. बाई हात जोडायला लागल्या तेव्हा ती घाबरून रडायच्या बेतात आली. "आडोसा," ती पुन्हा म्हणाली. "भिंतीचा आडोसा. झाडाचा आडोसा." उच्चार इतका स्वच्छ होता की कुठल्याही साहेबाने शेरा लिहावा. त्यांनी तिला जायला सांगितलं. दारापर्यंत गेल्यावर ती वळली आणि म्हणाली, "बाई, मी पहिल्यांदा वहीत चुकीचं लिहिलं होतं. आता नाही लिहीत."

घंटा होऊन गेली तरी बाई तशाच बसून होत्या. आणि मग ते वाक्य त्यांच्या डोक्यात शिरलं. वहीत.

वर्षभराच्या तपासलेल्या वह्या त्यांच्याच कपाटात होत्या. काखेत कळसा नि गावाला वळसा. त्यांनी गठ्ठे सोडले, जमिनीवर पसरले, हितलीची पहिल्या सहामाहीची निबंधाची वही काढली. "माझी आजी" हा निबंध तिसऱ्या पानावर होता. पान लाल शाईने असं भरलेलं की खालचं पेन्सिलीचं अक्षर वाचायला खिडकीशी जावं लागलं.

"आमी दिसभर काम करतो. आमच्या कामावर भित नस्ती टेकाया. मग दमल्यावर आजी मला आडोळा देती. तिची पाठ माझ्या पाठीला लावती आन मी माझी तिला. दोगीबी टेकतो. मंग भित लागत न्हाई."

आडोळा शब्दावर काट होती आणि वर लाल अक्षरात आडोसा. पाठीचं वाक्य आडवी रेघ मारून रद्द केलेलं होतं आणि समासात शेरा होता, "अर्थबोध होत नाही." अक्षर त्यांचंच होतं, वळणदार. दहापैकी दोन गुण. त्यांनी हा निबंध तपासला होता, वाचला नव्हता. आपल्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत किती वह्या तपासल्या नि किती वाचल्या, हा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि त्यांनी वही छातीशी धरली.

आणि मग त्यांच्या पाठीला आठवलं. खाणीतली दुपार, पांढरी धूळ, घामाने भिजलेली आईची पाठ आणि तिच्या पाठीतून आपल्या पाठीत येणारं तिचं बोलणं. हे सगळं त्यांच्या अंगात होतं. शब्द तेवढा त्यांनी टाकून दिला होता.

त्या घरी धावत गेल्या. या वयात रस्त्याने पळणारी बाई बघून लोक थांबले. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी पडदे तारेसकट खाली ओढले. आईला ऊर्ध्व लागला होता. यजमान म्हणाले, सकाळपासून शब्द काढलेला नाही. बाई म्हणाल्या, तिला उठवून धरा. ते म्हणाले, अगं डॉक्टरांनी हलवू नका म्हटलंय. बाई पलंगावर चढल्या, आईकडे पाठ करून मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "द्या टेकून."

आईची पाठ त्यांच्या पाठीला लागली. केवढीशी झाली होती ती, नुसती हाडं. पहिल्यांदा ती तशीच कलती राहिली. मग तिला कळलं. तिने सगळा भार सोडून दिला, आणि एक लांब उसासा बाईंच्या पाठीतून आरपार गेला. थोड्या वेळाने ती बोलायला लागली. कुठून बळ आलं कोण जाणे, पण ती बोलत राहिली, अकरा वर्षांचं साठलेलं, त्याच बोलीत, तेच लांबवलेलं शेपूट. बाईंना अर्धं कळत होतं. अर्धं नव्हतं कळत. मध्येच तिने काहीतरी विचारलं, स्वर प्रश्नाचा होता, आणि उत्तरासाठी ती थांबली. बाईंच्या तोंडात शुद्ध भाषेशिवाय काही येईना, आणि त्या भाषेत या माउलीला उत्तर द्यायची त्यांना लाज वाटली. त्या नुसतं "हूं" म्हणाल्या. आईने तेवढ्यावर भागवलं आणि पुढे बोलू लागली. आपण काय विचारलं होतं ते तिने शेवटपर्यंत पुन्हा विचारलं नाही.

बोलणं केव्हा थांबलं ते नेमकं सांगता येणार नाही. पाठीला पाठ असली की तोंड दिसत नाही. आपण हललो तर ती पडेल, म्हणून बाई हलल्या नाहीत. ऊन पलंगावरून जमिनीवर उतरलं तरी त्या ताठ बसून होत्या. यजमान समोरून बघत होते, त्यांना दिसत होतं, पण त्यांनीही लवकर सांगितलं नाही.

तेरा-चौदा दिवसांनी बाई शाळेत परत गेल्या. टेबलावर पट्टी नव्हती, मधल्या दिवसांत शिपायाकडून खणातून मागवून त्यांनी ती घरी चुलीत घातली होती. वर्ग उठून उभा राहिला, बसला. बाईंनी ठरवून आणलं होतं ते बोलायला सुरुवात केली. माझी आई गेली, त्या म्हणाल्या. ती डोंगरातली होती, खडी फोडायची, आणि मीपण तिथलीच. बाई हितलीकडे बघून बोलत होत्या. आज ती काहीतरी बोलेल, निदान हसेल, एवढ्या एकाच आशेवर त्यांनी गेले कित्येक दिवस काढले होते.

"जाताना तिला काहीतरी हवं होतं," बाई म्हणाल्या. "मी तिला आडोळा दिला."

टक.

तिसऱ्या बाकावरून आवाज आला. हितलीच्या हातात पेन्सिल होती. तिच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती, राग नव्हता. शिकवलेलं सगळं नीट लक्षात ठेवणाऱ्या मुलीचा तो चेहरा होता. बाई बोलायच्या थांबल्या. आणि चुकलेला शब्द बाई आता शुद्ध करून म्हणतील म्हणून हितली त्यांच्याकडे बघत राहिली.